लाळेतील डीएनएचे थेट प्रवर्धन

लाळेतील डीएनएचे थेट प्रवर्धन ही रेण्वीय जीवशास्त्रातील एक कार्यपद्धती आहे. या पद्धतीत लाळेच्या किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यातील डीएनए आधी वेगळा करून शुद्ध केला जात नाही. नमुना जसाच्या तसा, किंवा केवळ उष्णता, अल्क अथवा विकर यांची अल्पशी प्रक्रिया करून, पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेच्या (पीसीआर) मिश्रणात टाकला जातो. म्हणून तिला ‘थेट पीसीआर’ किंवा ‘निष्कर्षणविरहित पीसीआर’ असेही म्हटले जाते. नवजात बालकांची विषाणूचाचणी, न्यायसाहाय्यक विज्ञान, जनुकीय तपासणी आणि महाविद्यालयीन प्रात्यक्षिके या क्षेत्रांत ती वापरली जाते. कोव्हिड-१९ महामारीच्या काळात हेच तत्त्व आरएनए विषाणूच्या चाचणीसाठी मोठ्या प्रमाणावर उपयोगात आले.

शुद्धीकरणाचा टप्पा गाळल्याने वेळ, खर्च आणि प्लास्टिकची उपकरणे वाचतात. मात्र शुद्धीकरणाने जे काम होत असे ते पूर्णपणे टळत नाही. त्याचा भार विरलनावर, निरोधकांना दाद न देणाऱ्या विकरांवर आणि मुख्यतः नियंत्रण चाचण्यांवर पडतो. या नियंत्रणांशिवाय थेट पद्धतीने आलेला ‘नकारात्मक’ निष्कर्ष विश्वसनीय मानता येत नाही.

पार्श्वभूमी

पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेत डीएनएचा ठरावीक तुकडा पुनःपुन्हा दुप्पट केला जातो. सुमारे ९५ अंश सेल्सिअस तापमानाला डीएनएचे दोन धागे सुटे होतात. तापमान उतरवल्यावर प्राइमर नावाचे छोटे तुकडे त्यांना जुळतात आणि पॉलिमरेज हे विकर त्या प्राइमरपासून पुढे नवा धागा विणते. अशी तीस-चाळीस आवर्तने झाली की मूळच्या मोजक्या प्रतींपासून अब्जावधी प्रती तयार होतात. सर्व काम या एका विकरावर अवलंबून असते. त्याला मॅग्नेशियमचे आयन, किंचित अल्कधर्मी बफर आणि मोकळा साचा लागतो. यांपैकी कशातही बिघाड करणारा पदार्थ नमुन्यात असेल, तर प्रवर्धन मंदावते किंवा बंद पडते.

म्हणूनच रूढ पद्धतीत आधी पेशी फोडून प्रथिने पचवली जातात. नंतर डीएनए सिलिकाच्या स्तंभावर किंवा चुंबकीय मण्यांवर चिकटवून धुतला जातो आणि शेवटी थोड्याशा द्रावणात उतरवला जातो. या प्रक्रियेचे दोन लाभ आहेत. नको असलेले पदार्थ निघून जातात हा त्यांतला उघड लाभ. दुसरा तितकाच महत्त्वाचा, पण बऱ्याचदा दुर्लक्षित राहणारा लाभ म्हणजे डीएनए संहत होतो. समजा २०० मायक्रोलिटर लाळेतील डीएनए ५० मायक्रोलिटर द्रावणात उतरवला आणि त्यांतील ५ मायक्रोलिटर अभिक्रियेत वापरला, तर वाटेतील गळती सोडल्यास २० मायक्रोलिटर लाळेचा डीएनए अभिक्रियेला मिळतो. थेट पद्धतीत २ मायक्रोलिटर लाळ टाकल्यास हे प्रमाण दहापट कमी होते. थेट पद्धतीचे यश आणि अपयश दोन्ही समजून घेण्यासाठी हा साधा हिशेब पुरेसा आहे.

लाळेची घडण

प्रौढ व्यक्तीच्या तोंडात दिवसाकाठी साधारणतः अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तिच्यातील ९९ टक्के भाग पाणी असतो. उरलेल्या एका टक्क्यात क्षार, अमायलेज व लायसोझाइम यांसारखी विकरे, म्युसिन नावाची चिकट शर्कराप्रथिने, प्रतिद्रव्ये आणि अन्नाचे अवशेष असतात. लाळेत मानवी डीएनए असतो तो तिच्यात तरंगणाऱ्या पेशींमुळे. यांतील काही पेशी गाल व जीभ यांच्या अस्तरावरून सतत झडणाऱ्या असतात, तर काही हिरड्यांच्या कडेने तोंडात येणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी असतात. ‘लाळेचा डीएनए म्हणजे गालाच्या पेशींचा डीएनए’ हा समज अर्धवट आहे, कारण पांढऱ्या पेशींचा वाटा पुष्कळदा मोठा असतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या लाळेत दात्याचा डीएनए सापडतो तो याच कारणाने.

एका मानवी पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. म्हणजे एक नॅनोग्रॅम डीएनएसाठी साधारण १५० पेशी पुरतात. व्यक्तीची ओळख पटवण्याच्या बहुतेक चाचण्यांना अर्धा ते एक नॅनोग्रॅम डीएनए लागतो. लाळेच्या एकेका मायक्रोलिटरमध्ये कित्येकदा शेकडो पेशी असल्याने शुद्धीकरण न करताही एवढा साचा मिळू शकतो. मात्र हे प्रमाण व्यक्तीनुसार, वेळेनुसार आणि नमुना घेण्याच्या पद्धतीनुसार फार बदलते. नुकतीच चूळ भरलेल्या व्यक्तीची लाळ पेशींच्या दृष्टीने विरळ असते, तर गालाचे अस्तर घासून घेतलेल्या स्वॅबवर पेशी दाट असतात.

लाळेत जीवाणूही विपुल असतात. एका मिलिलिटरमध्ये त्यांची संख्या दहा कोटींच्या घरात जाते. त्यामुळे लाळेतून मिळणाऱ्या एकूण डीएनएपैकी लक्षणीय भाग मानवी नसतो. प्राइमर केवळ मानवी क्रमालाच जुळणारे असतील तर याने फारसे बिघडत नाही. मात्र प्रकाशमापकाने मोजलेल्या एकूण डीएनएवरून मानवी डीएनएचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. अशुद्ध नमुन्यात तर प्रथिने आणि इतर पदार्थही तोच प्रकाश शोषतात, त्यामुळे हे वाचन निरर्थक होते.

प्रवर्धनातील अडथळे

रक्ताच्या तुलनेत लाळ सौम्य नमुना मानला जातो. रक्तातील हिमोग्लोबिनचा घटक असलेले हीम हे पॉलिमरेजचे प्रबळ निरोधक आहे, आणि निरोगी लाळेत ते जवळपास नसते. हिरड्यांतून रक्त येत असल्यास मात्र हा फरक उरत नाही.

लाळेतील पहिला अडथळा भौतिक आहे. म्युसिनमुळे लाळेचे तंतू सुटतात आणि पिपेटने अचूक एक-दोन मायक्रोलिटर उचलणे अवघड जाते. एकाच नमुन्यातून दोन वेळा घेतलेल्या थेंबांत पेशींची संख्या वेगळी येते आणि निष्कर्षांत तफावत पडते. नमुना गोठवून पुन्हा वितळवला, किंवा नळी जोराने हलवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, तर हा त्रास कमी होतो. परंतु फिरवताना पेशी तळाशी बसतात. अशा वेळी वरचा स्वच्छ द्रव घेतल्यास नेमका डीएनएच मागे राहतो.

दुसरा अडथळा न्यूक्लिएज या डीएनए तोडणाऱ्या विकरांचा आहे. ही विकरे लाळेत आणि जीवाणूंतही असतात. पेशी शाबूत असेपर्यंत आतील डीएनए बऱ्यापैकी सुरक्षित राहतो. पेशी फुटल्यावर मात्र न्यूक्लिएज निष्क्रिय झाली नसतील तर त्याचे तुकडे होऊ लागतात. ही विकरे मॅग्नेशियमसारख्या धातूंच्या आयनांवर चालतात, म्हणून धातू बांधून ठेवणारे ईडीटीए हे संयुग नमुन्यात घातले जाते. पण मॅग्नेशियम पॉलिमरेजलाही हवे असते, त्यामुळे ईडीटीएचे प्रमाण थोडे जास्त झाले तरी प्रवर्धनच थांबते. लाळेतील कॅल्शियमही मॅग्नेशियमशी स्पर्धा करते.

तिसरा अडथळा बाहेरून येतो. चहा, कॉफी, फळे, मसाले यांतील पॉलिफेनॉल आणि टॅनिन ही द्रव्ये प्रथिनांना चिकटतात, आणि पॉलिमरेज हेही प्रथिनच आहे. पान, सुपारी, कात, तंबाखू आणि मिसरी यांचा वापर सर्रास असलेल्या समाजात हा मुद्दा पाश्चात्त्य संचांच्या माहितीपत्रकांत दिसतो त्याहून अधिक महत्त्वाचा ठरतो. कात आणि सुपारी दोन्ही टॅनिनसदृश द्रव्यांनी समृद्ध आहेत. नमुना देण्यापूर्वी अर्धा तास काही न खाणे-पिणे आणि साध्या पाण्याने चूळ भरून काही मिनिटे थांबणे, ही सूचना याचसाठी दिली जाते.

इतिहास

पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेची कल्पना कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये अमेरिकेतील सीटस या कंपनीत काम करीत असताना सुचली. १९८५ मध्ये सिकलसेल या रक्तविकाराच्या निदानासाठी तिचा वापर प्रसिद्ध झाला. प्रारंभी वापरलेले ई. कोलाय जीवाणूचे पॉलिमरेज प्रत्येक आवर्तनातील उष्णतेने नष्ट होई व ते दर वेळी नव्याने घालावे लागे. यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांत सापडलेल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जीवाणूचे ‘टॅक’ पॉलिमरेज १९८८ पासून रूढ झाले. म्युलिस यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मायकेल स्मिथ यांच्यासह मिळाले.

उष्णता सोसणारे विकर हाती येताच नमुना थेट उकळण्याचे प्रयोग सुरू झाले. १९८८ मध्येच चूळ भरून मिळवलेल्या पेशींतून जनुकीय विश्लेषणासाठी डीएनए मिळवण्याची सोपी पद्धत ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रक्ताची सुई टाळता येते हे तिचे मोठे आकर्षण होते. १९९० मध्ये निष्कर्षणाशिवाय पूर्ण रक्तातून प्रवर्धन करून दाखवण्यात आले. १९९१ मध्ये वॉल्श, मेट्झगर आणि हिगुची यांनी गुन्ह्याच्या ठिकाणी मिळणाऱ्या नमुन्यांसाठी चेलेक्स-१०० या रेझिनची पद्धत मांडली. ती आजही अनेक प्रयोगशाळांत टिकून आहे. २००० मध्ये उंदरांच्या ऊतींसाठी ‘हॉटशॉट’ ही अल्क व उष्णता यांची पद्धत आली व पुढे तिची रूपे इतर नमुन्यांसाठीही वापरली गेली.

त्यानंतर संशोधनाचा रोख नमुन्याकडून विकराकडे वळला. नमुना स्वच्छ करण्याऐवजी अस्वच्छता सोसणारे विकर घडवण्याचे प्रयत्न झाले. २००४ मध्ये सल्फोलोबस या उष्णताप्रिय सूक्ष्मजीवाचे डीएनएला चिकटणारे छोटे प्रथिन पॉलिमरेजला जोडण्यात आले. असे जोडविकर साच्यावर घट्ट बसते आणि सहजी सुटत नाही. २००९ मध्ये केर्मेकचिएव्ह, बार्न्स आणि सहकाऱ्यांनी टॅकची अशी उत्परिवर्तित रूपे प्रसिद्ध केली, जी रक्त आणि मातीच्या कच्च्या नमुन्यांतही काम करीत. रक्तासाठी घडवलेली ही विकरे लाळेसारख्या तुलनेने सौम्य नमुन्यात अर्थातच सहज चालतात.

प्रमुख पद्धती

सर्वांत साधी पद्धत म्हणजे केवळ उष्णता. लाळ पाण्यात किंवा सौम्य बफरमध्ये पाच ते दहा पट विरल करून ९५ अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवली जाते, थंड करून फिरवली जाते आणि तिचा थोडा भाग अभिक्रियेत घातला जातो. उष्णतेने पेशी फुटतात, न्यूक्लिएजसह बरीचशी प्रथिने विघटित होऊन साकळतात आणि पुष्कळ रोगजंतूही निष्क्रिय होतात. विशेष विकर वापरल्यास हा वेगळा टप्पाही गाळता येतो, कारण अभिक्रियेच्या पहिल्या आवर्तनात नमुना तापतोच.

अल्क पद्धतीत लाळ सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवून नंतर ट्रिस बफरने उदासीन केली जाते. हॉटशॉटच्या मूळ कृतीत २५ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि ४० मिलिमोलर ट्रिस-हायड्रोक्लोराइड यांची सम भागांची जोडी होती. अल्कामुळे पेशी लवकर फुटतात आणि न्यूक्लिएज निकामी होतात. उदासीनीकरण अपुरे राहिल्यास मात्र अभिक्रियेचा पीएच बिघडतो.

चेलेक्स हे धातूंचे आयन धरून ठेवणारे रेझिन आहे. त्याच्या ५ ते १० टक्के निलंबनात पेशी उकळल्या जातात. उकळताना धातूंच्या आयनांमुळे होणारी डीएनएची मोडतोड रेझिनमुळे टळते. ईडीटीएप्रमाणे हे द्रावणात विरघळत नाही, ते मण्यांच्या रूपात तळाशी बसते आणि वरचा द्रव वापरता येतो. या पद्धतीतील नेहमीची चूक म्हणजे पिपेटमधून दोन-चार मणी वर येणे. ते अभिक्रियेतील मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि प्रवर्धन होत नाही.

प्रोटिनेज के हे एका बुरशीपासून १९७० च्या दशकात मिळवलेले प्रथिनपाचक विकर आहे. केराटिन पचवण्याच्या क्षमतेमुळे त्याला ‘के’ हे अक्षर मिळाले. ते म्युसिन व न्यूक्लिएज पचवते, त्यामुळे चिकट लाळ पातळ होते आणि मोजमाप सुधारते. परंतु हेच विकर जिवंत राहिले तर पॉलिमरेजही पचवून टाकते. म्हणून त्यानंतर नमुना ९५ अंशांच्या आसपास तापवणे अनिवार्य असते.

पाचवा मार्ग कागदाचा आहे. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठातील ली बर्गॉइन यांनी विकसित केलेल्या एफटीए कागदावर रसायनांचा लेप असतो. त्यावर लाळ पडताच पेशी फुटतात, जंतू मरतात आणि डीएनए तंतूंत अडकतो. वाळलेला कागद सामान्य तापमानाला वर्षानुवर्षे ठेवता येतो व टपालाने पाठवता येतो. त्यातून १.२ मिलिमीटर व्यासाची चकती कापून ती थेट अभिक्रियेत टाकली जाते. उष्ण हवामानाच्या आणि शीतसाखळी महाग पडणाऱ्या प्रदेशांत ही सोय लक्षणीय आहे.

या सर्व पद्धतींत काही साहाय्यक पदार्थ मिसळले जातात. गोवंशीय सीरम अल्ब्युमिन हे प्रथिन निरोधकांना स्वतःला चिकटवून घेते आणि पॉलिमरेज मोकळे राहते. ट्वीन-२० सारखे आयनरहित डिटर्जंट विकराला स्थैर्य देतात. सोडियम डोडेसिल सल्फेट हे पेशी फोडणारे लोकप्रिय डिटर्जंट मात्र येथे चालत नाही. शुद्धीकरणाच्या पद्धतीत ते नंतर धुतले जाते. थेट पद्धतीत धुण्याचा टप्पाच नसल्याने त्याचा अत्यल्प अंशही टॅकला निकामी करतो. वेगवेगळ्या पद्धतींतील घटक मनाने एकत्र केल्यास असे प्रसंग हमखास ओढवतात.

पीसीआरला पर्याय म्हणून २००० मध्ये जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेली ‘लॅम्प’ ही समतापी प्रवर्धन पद्धतही अशुद्ध लाळेवर वापरली जाते. ती ६० ते ६५ अंशांच्या एकाच तापमानाला चालते आणि तिचे विकर निरोधकांना तुलनेने कमी बळी पडते.

निरोध ओळखणे आणि नियंत्रणे

थेट प्रवर्धनात काहीच उत्पादन न मिळाल्यास त्याचे दोन अर्थ संभवतात. शोधलेला क्रम नमुन्यात नसेल, किंवा तो असूनही अभिक्रिया निरोधित झाली असेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. रोगनिदानात दुसऱ्या शक्यतेचा अर्थ संसर्ग असलेल्या व्यक्तीला निरोगी ठरवणे असा होतो. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत अंतर्गत नियंत्रण असणे ही या पद्धतीची किमान अट आहे. विषाणूच्या चाचणीत त्याच नळीत एखाद्या मानवी जनुकाचेही प्रवर्धन केले जाते. मानवी जनुक मिळाले आणि विषाणू मिळाला नाही, तरच निष्कर्ष नकारात्मक धरतात. दोन्ही मिळाले नाहीत तर चाचणी ‘अवैध’ ठरते आणि पुन्हा करावी लागते. मानवी जनुकाच्या प्रती मुबलक असल्याने सौम्य निरोधातही त्याचे प्रवर्धन होऊ शकते, ही या नियंत्रणाची उणीव आहे. ज्ञात व अल्प संख्येत बाहेरून घातलेला कृत्रिम क्रम अधिक संवेदनशील नियंत्रण ठरतो.

विरलनाची कसोटी त्याहून सोपी आहे. वास्तवकालीन पीसीआरमध्ये उत्पादन ज्या आवर्तनाला ठरावीक पातळी ओलांडते त्याला सीटी मूल्य म्हणतात. हे मूल्य करोनाकाळात सर्वसामान्यांनाही परिचित झाले. प्रत्येक आवर्तनात डीएनए दुप्पट होत असल्यास दहापट विरलनाने सीटी मूल्य सुमारे ३.३ ने वाढायला हवे, कारण दोनाचा ३.३ वा घात साधारण दहा येतो. समजा मूळ लाळेचे मूल्य २७ आले, तर दहापट विरल नमुन्याचे ३०.३ च्या आसपास अपेक्षित आहे. ते २८ आले तर विरलनाने साच्यासोबत निरोधकही कमी झाले आणि अभिक्रिया सुधारली, असा अर्थ निघतो. काही वेळा मूळ नमुना नकारात्मक येतो आणि विरल नमुना सकारात्मक. नवख्या विद्यार्थ्याला हे विपरीत वाटते, पण निरोधाची याहून स्पष्ट खूण नाही. जास्त लाळ घातल्याने जास्त उत्पादन मिळेल, हा तर्क या पद्धतीत बहुधा उलटा पडतो.

दूषण टाळण्यासाठी पाणी घातलेले रिकामे नियंत्रण आवश्यक असते. प्रवर्धनापूर्वीचे आणि नंतरचे काम वेगळ्या जागी केले जाते. मानवी डीएनएच्या चाचणीत प्रयोगकर्त्याची स्वतःची लाळ हाच दूषणाचा संभाव्य स्रोत असल्याने मुखपट्टीचा वापर येथे दुहेरी उपयोगाचा ठरतो.

उपयोजन

नवजात बालकांतील सायटोमेगॅलोव्हायरसचा शोध हे या पद्धतीचे सर्वांत नीट तपासले गेलेले उदाहरण आहे. हा डीएनए विषाणू गर्भावस्थेत मातेकडून बाळाला संक्रमित होऊ शकतो. बहुतेक संसर्गित बाळांत जन्मतः कोणतीही लक्षणे नसतात, परंतु त्यांतील काहींची श्रवणशक्ती पुढील महिन्यांत वा वर्षांत हळूहळू कमी होते. जन्मजात संसर्ग सिद्ध करण्यासाठी नमुना पहिल्या तीन आठवड्यांतच घ्यावा लागतो, त्यानंतर तो जन्मानंतरच्या संसर्गापासून वेगळा ओळखता येत नाही. सर्व नवजातांची लघवी गोळा करणे आणि विषाणूचे संवर्धन करणे व्यवहार्य नव्हते. टाचेतून घेतलेल्या वाळलेल्या रक्ताचे ठिपके रुग्णालयांत आधीच उपलब्ध असत, म्हणून आशा त्यांच्यावर होती. मात्र अमेरिकेतील बहुकेंद्री अभ्यासात २०१० मध्ये असे दिसले, की रक्ताच्या ठिपक्यांवरील पीसीआर संसर्गित बाळांपैकी ४० टक्क्यांहूनही कमी बाळे ओळखते.

त्याच गटाने, अलाबामा विद्यापीठाचे सुरेश बोप्पना आणि सहकाऱ्यांनी, २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लाळेवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. सात रुग्णालयांतील ३४,९८९ बालकांच्या लाळेची चाचणी डीएनए निष्कर्षण न करता करण्यात आली. द्रव लाळेच्या पीसीआरची संवेदनशीलता १०० टक्के, तर वाळवलेल्या लाळेची ९७.४ टक्के आढळली. दोन्हींची विशिष्टता ९९.९ टक्के होती. अशुद्ध लाळेने रक्ताच्या ठिपक्यांना मागे टाकण्याचे कारण मुख्यतः विषाणूच्या प्रमाणात आहे. संसर्गित नवजाताच्या लाळेत विषाणू अतिशय विपुल असतो, त्यामुळे काही मायक्रोलिटर लाळही पुरते आणि संहतीकरण न केल्याचा तोटा जाणवत नाही. रक्तात विषाणूचे प्रमाण पुष्कळदा फार कमी असते. म्हणजे येथे कार्यपद्धतीइतकेच नमुन्याच्या निवडीलाही श्रेय जाते. या चाचणीची एक मर्यादा मात्र लाळेशीच निगडित आहे. मातेच्या दुधातही हा विषाणू असू शकतो, आणि स्तनपानानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात तो सापडतो. म्हणून नमुना स्तनपानानंतर साधारण तासाभराने घेतात आणि सकारात्मक निष्कर्षाची खात्री लघवीच्या चाचणीने करतात.

न्यायसाहाय्यक विज्ञानात थेट प्रवर्धन प्रामुख्याने संदर्भ नमुन्यांसाठी, म्हणजे ओळख माहीत असलेल्या व्यक्तीच्या गालातून घेतलेल्या नमुन्यांसाठी, वापरले जाते. एफटीए कागदाची चकती थेट टाकता येईल असे व्यापारी संच २००९-१० च्या सुमारास आले आणि मोठ्या संख्येने येणाऱ्या नमुन्यांचे काम त्यामुळे सोपे झाले. घटनास्थळी मिळालेल्या सिगारेटचे थोटूक, पेला किंवा चाव्याची खूण यांवरील लाळेबाबत मात्र सावधगिरी बाळगली जाते. अशा नमुन्यात डीएनए अत्यल्प व अनेकदा एकाहून अधिक व्यक्तींचा असतो. शुद्धीकरणानंतर डीएनएचे प्रमाण मोजून योग्य तेवढा वापरता येतो आणि उरलेला पुनर्तपासणीसाठी राखता येतो. थेट पद्धतीत मोजणीचा टप्पा नसतो. साचा कमी पडल्यास दोन पर्यायी रूपांपैकी एकच प्रवर्धित होते आणि व्यक्तीचा जनुकीय आराखडा चुकीचा दिसतो. साचा जास्त झाल्यास संकेत यंत्राच्या मर्यादेबाहेर जातात. गालाचा नमुना पुन्हा मागता येतो. घटनास्थळीचा पुन्हा मिळत नाही, आणि बचाव पक्षाला फेरतपासणीसाठी काही शिल्लक राहिले पाहिजे ही न्यायाची गरज आहे.

कोव्हिड-१९ चा विषाणू आरएनए असलेला आहे. त्यामुळे त्याच्या चाचणीत आधी आरएनएची डीएनए प्रत करावी लागते, मात्र निष्कर्षण टाळण्याचे तत्त्व तेच राहते. २०२० मध्ये निष्कर्षणाच्या संचांचा जगभर तुटवडा पडला, आणि एरवी सोय म्हणून पाहिली जाणारी ही पद्धत गरज बनली. येल विद्यापीठाच्या ‘सलायव्हाडायरेक्ट’ चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १५ ऑगस्ट २०२० रोजी आपत्कालीन मान्यता दिली. तिच्यात लाळेवर प्रोटिनेज केची प्रक्रिया करून ती ९५ अंशांना पाच मिनिटे तापवली जात असे. भारतात हैदराबाद येथील सीसीएमबी या संस्थेने कोरड्या स्वॅबची निष्कर्षणविरहित पद्धत विकसित केली. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) कृष्णा खैरनार यांच्या नेतृत्वाखाली मिठाच्या द्रावणाने गुळण्या करून नमुना देण्याची पद्धत तयार केली. तिला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०२१ मध्ये मान्यता दिली. या पद्धतीत नमुना संस्थेने बनवलेल्या बफरमध्ये सामान्य तापमानाला अर्धा तास ठेवून ९८ अंश सेल्सिअसला सहा मिनिटे तापवला जातो आणि तो थेट चाचणीला वापरला जातो. नमुना रुग्णाला स्वतः देता येत असल्याने प्रशिक्षित कर्मचारी व साधनांचा अभाव असलेल्या ग्रामीण व आदिवासी भागांसाठी ती सोयीची ठरेल, अशी तिच्यामागील भूमिका होती.

शिक्षणक्षेत्रात चूळ आणि चेलेक्स यांवर आधारित प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे. विद्यार्थी मिठाच्या पाण्याने चूळ भरतात, पेशी चेलेक्समध्ये उकळतात आणि कडू चव ओळखण्याशी संबंधित टीएएस२आर३८ या जनुकाचा तुकडा प्रवर्धित करतात. पीटीसी या संयुगाची कडू चव स्वतःला लागते की नाही, याच्याशी तो निष्कर्ष ताडून पाहता येतो. एका प्रयोगसत्रात डीएनए मिळवण्यापासून प्रवर्धनाच्या सुरुवातीपर्यंतचे काम पूर्ण होते.

मर्यादा

थेट पद्धत लहान क्रमांसाठी, साधारणतः शंभर ते काही शेकडा आधारजोड्यांच्या तुकड्यांसाठी, अधिक खात्रीची असते. हजारो आधारजोड्यांचे लांब तुकडे उकळलेल्या अशुद्ध नमुन्यातून मिळवणे कठीण जाते, कारण उष्णतेने डीएनए तुटतो आणि निरोधकांचा परिणाम लांब तुकड्यांवर अधिक होतो. उकळल्याने डीएनएचे धागे सुटे होतात, त्यामुळे दुपेडी डीएनए लागणाऱ्या कामांना असे द्रावण उपयोगी पडत नाही. संपूर्ण जनुकसंचाच्या अनुक्रमणासाठी आजही शुद्ध केलेला डीएनएच वापरला जातो.

कच्चे द्रावण टिकत नाही. उष्णतेने निष्क्रिय झालेल्या न्यूक्लिएजपैकी काही थंड झाल्यावर पुन्हा सक्रिय होऊ शकतात आणि वारंवार गोठवण्या-वितळवण्याने डीएनएची झीज होते. नमुना पुढील वर्षीही तपासायचा असेल, तर मूळ लाळ किंवा कागद राखून ठेवतात व द्रावण दर वेळी ताजे बनवतात. ज्या नमुन्यांत लक्ष्य क्रमाच्या प्रती मुळातच विरळ असतात, उदाहरणार्थ संसर्गाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेत, तेथे संहतीकरणाशिवाय चाचणी अपुरी पडते आणि शुद्धीकरणाचा जादा तास खर्च करणे सयुक्तिक ठरते.